तहानेला पाय फुटले तेव्हा

नदी गेली त्याच वर्षी, पानगळ सुरू होताना

बडबडे,

हे पत्र मीठवाल्या म्हाताऱ्याच्या हाती देतेय. तो म्हणतो, नदीच्या मागे गेलेले सगळे त्याला कुठे ना कुठे भेटतातच, मीठ काय कुणाला चुकलंय! तेव्हा तुला हे मिळेल. नाही मिळालं तर माझी शाई फुकट गेली. माझं फुकट जाण्यात नवीन काय आहे म्हणा.

आधी रागाचं बोलून घेते, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल. उंबरठा काढलास तेव्हा मला उठवलं का नाहीस? नदी उठली की जाणाऱ्यानं घराचा उंबरठा न्यायचा आणि राहणाऱ्यानं चौकट राखायची, पुढे दोन्ही जुळली की माणूस घरचं, ही रीत मला तू शिकवायला नको. मी काय नेऊ नकोस म्हटलं असतं? बरं, म्हटलं असतं. पण म्हणू तरी द्यायचंस. सकाळी नेहमीसारखी भट्टीची राख टाकायला निघाले, पाय गेला त्या फटीत आणि मी तोंडावर आपटले. गुडघा अजून काळानिळा आहे. आईनं अंथरुणातून विचारलं, "गेली का बडबडी?" मी म्हटलं, "गेली."

तुझ्या नवऱ्याचं मला कळतं. नावाड्यानं नदी गेल्यावर काय करायचं, चिखल वल्हवायचा? पण तू भट्टीवाल्याची लेक आहेस. तुझे हात कौलं थापण्यात गेलेत. आईला उठून बसताही येत नाही हे तू पाहत होतीस, आणि तरी गेलीस. मी मात्र आईसाठी राहिले. हे मी लिहून ठेवते, म्हणजे पुढे कुणी विचारायला नको.

होड्यांच्या गल्लीत जाववत नाही. सगळ्या होड्या चिखलात एकमेकींवर रेलून पडल्यात. तुझ्या दिराच्या होडीत शेजारणीच्या कोंबड्यांनी अंडी घातली आणि आता ती होडी कुणाची यावर भांडण चाललंय. मासळीचा वास गेला की बरं वाटेल असं सगळे म्हणत होते. आता वास गेलाय, आणि कुणालाच बरं वाटत नाहीये. आमचे हे तेवढे खुशीत आहेत. एवढी माती त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. रोज फावडं घेऊन पात्रात उतरतात.

आई माझ्या थोरल्याला तीच गोष्ट सांगते, आपल्याला सांगायची ती. आधी नदी होती. मग तहान झाली. मग तहानेला पाय फुटले, ती माणसं. नदी पहिल्यांदा उठून चालायला लागली तेव्हा जी दमून मागे बसली ती डोंगरवाली झाली. दुसऱ्यांदा उठली तेव्हा जी रडत बसली ती मीठवाली. तिसऱ्यांदा उठली तेव्हा मागे राहिलो ते आपण, मातीवाले. थोरल्यानं विचारलं, "आपण पण दमलो होतो का?" आई म्हणाली, "छे रे, आपले हात मातीत होते. धुवून निघेपर्यंत नदी गेली." पोरगा इतका हसला की त्याला उचकी लागली. तू असतीस तर तू त्याच्याही वरताण हसली असतीस.

उत्तर लिही. दोन ओळींत तुझं भागायचं नाही हे मला माहीत आहे. कागद नसेल तर याच्याच मागच्या बाजूला लिही. फट आहे तशी ठेवली आहे. रोज पाय उचलून तिच्यावरून जाते.

तुझी ताई

दुसऱ्या वर्षी, उन्हं तापायला लागल्यावर

बडबडे,

तुझं पत्र मिळालं, म्हणजे एक निळा डाग मिळाला. मीठवाला म्हातारा सांगतो, तिकडे सगळं ओलं असतं, घरं पाण्यात, लव्हाळ्यांवर बांधलेली, कागदाला तर बुरशीच येते. चार पानं लिहिली होतीस म्हणे. मला त्यातले तीन शब्द लागले. एका जागी 'ताई', एका जागी 'लव्हाळी', आणि अगदी खाली 'हसशील'. कशाला हसेन ते पाण्यात गेलं. तरी मी हसले. न वाचताच.

आई गेली. हे आधी लिहायला हवं होतं, पण हात तिकडे वळत नव्हता. पहाटे पाणी मागितलं, प्यायली आणि गेली. जायच्या आधी तिनं तुला हाक मारली. मला मारली नाही. मी समोरच बसले होते, मला कशाला हाक मारेल, अशी मी माझी समजूत घातली आहे.

त्याआधी तिनं माझी धाकटी पाहिली, तेवढं बरं झालं. पोरगी जन्मली ती लाल तळवे घेऊन. सुईणीनं घासघासून पाहिलं, रंग जाईना. शेजारच्या दोन घरांतही तसंच झालंय. मी घाबरले होते. आईनं ते इवलेसे हात आपल्या हातात घेतले आणि म्हणाली, "बसली ती माती अंगात. जिथे बसाल तिथलेच होता गं तुम्ही." मग विचारलं, "बडबडीला काही झालं का?" तुला काही झालंय का गं? मूल म्हणतेय मी. आईला मी 'हो' सांगून टाकलं, तेव्हा आता निदान मला खोटी तरी पाडू नकोस.

विहिरी खोदायला घेतल्यात. पाणी फार खाली आहे.

पुन्हा लिही. जाड शाईनं लिही.

तुझी ताई

पाचव्या वर्षी, सुगीनंतर

तुझी दोरी मिळाली.

म्हातारा मीठवाला घाटात तापानं गेला. त्याचा जावई आला होता. त्याला आपल्या भाषेतलं 'मीठ' आणि भाव एवढंच येतं. कौलांच्या ढिगावर त्यानं एक वेटोळं टाकलं, म्हणाला "बहीण", आणि आपलं गाढव हाकत निघून गेला.

इतकी वर्षं एक ओळ नाही, आणि पाठवलीस काय, तर दोरी! मी नावाड्याच्या घरातली नाही, पण होड्यांच्या गल्लीशेजारीच वाढले ना मी तुझ्याबरोबर. भागीदारी मोडली की नावाडी दुसऱ्याला होडीची दोरी परत करतो. तुझा घाट वेगळा, माझा वेगळा, संपलं. हेच सांगायचं होतं ना? आणि वर गाठी किती मारल्यास! बोटाएवढ्या अंतरावर गाठ. माझा एकेक अपराध मोजत बसली होतीस जणू. माझे इतके होते? मला वाटलं होतं, दोघींचे मिळून एवढे होतील.

आईचं दुखणं मी काढलं. आईला मी उचललं, मी धुतलं. आणि संबंध तू तोडतेस. छान.

दोरी चांगली आहे, टाकवली नाही. अंगणात बांधली. गाठींमुळे कपडे घसरत नाहीत. शेवटी हातभर भाग बिनगाठीचा राहिलाय, तिथे तुला कंटाळा आला असावा. तिथे भट्टीवरची फडकी वाळत घालते.

भट्टीवाली

सातव्या वर्षी, हिवाळ्यात

लिहिणार नव्हते. पाठवेन की नाही तेही माहीत नाही. म्हाताऱ्याच्या त्या जावयाला मागचं पत्रही दिलं नाही, त्यात त्यानं मीठच बांधून विकलं असतं, तोंडावरून तरी तसाच दिसतो.

घराला नवा उंबरठा बसवला, दगडाचा. धाकटी फटीत पडली, हनुवटी फुटली. बायका म्हणाल्या, "अगं, किती दिवस ते भगदाड ठेवणार?" म्हणून पाथरवटाला बोलावलं. दगड जाड निघाला. मग खाचा मोठ्या कराव्या लागल्या, चौकटीचे पाय चांगले वीतभर तासावे लागले. पाथरवट दोनदा थांबला. म्हणाला, "वहिनी, उद्या कुणी आपला लाकडी उंबरठा घेऊन परत आलं तर? बसायचा नाही तो." मी म्हटलं, "कोण येतंय?" त्यानं छिन्नी उचलली. लाकडाचा भुसा मी भट्टीत टाकला.

पोरीची हनुवटी खरंच फुटली होती. चार टाके पडले.

आणखी एक. मुलं सारखी विचारत होती, मावशी का गेली, मावशी का येत नाही. परवा कौलं थापताना मी वैतागून म्हटलं, "ती आपली नव्हतीच. आपण तहानेचे. ती आणि तिच्याबरोबरची सगळी नदीच्या फेसातून आली होती, म्हणून नदी गेली तशी तीही गेली. फेसाला कुठे घर असतं?" बोलता बोलता रंगत चढत गेली. त्यांना रात्रीची झोप नसते, त्यांची बोटं चिकटलेली असतात, ती विहिरीत वाकली की पाणी आटतं, असं काय काय सांगितलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. धाकटी खुदखुदत होती. थोरला मात्र तोंड उघडं टाकून ऐकत होता.

गंमत म्हणून सांगितलं गं. तुला राग आला तर कळव. म्हणजे तू जिवंत आहेस एवढं तरी कळेल.

ताई

कितवं वर्ष ते थोरल्याला विचारावं लागेल

बडबडे,

माझे केस पांढरे झाले. ह्यांना जाऊन दोन उन्हाळे झाले, आणि भट्टी आता धाकटीचा नवरा बघतो, कौलं वाकडी काढतो. बोलले तर म्हणतो, "आई, पाऊस वाकड्यावरूनही खाली येतो." काय बोलणार अशा माणसाशी! तू असतीस तर दोघींनी मिळून त्याला चांगलं फैलावर घेतलं असतं.

थोरला विहिरींचा राखणदार झाला आहे. मोठा मान आहे. पाणी इतकं खाली गेलंय की भांडं वर येईपर्यंत बायकांचं गावभराचं बोलून होतं. म्हणून नियम केलाय, पाणी फक्त घरच्यांना. मीठवाल्यांनाही आत येऊ देत नाहीत. ते मीठ वेशीवर ठेवतात, आपण तिथे कौलं ठेवतो. हे पत्र मी कुणाला देणार ते मलाच कळत नाही, तरी लिहितेय.

मला एक सांगायचंय, आणि ते सांगायला तुझ्याशिवाय कुणी नाही.

काल नात ओट्यावर मैत्रिणींना खेळ शिकवत होती. एकीनं बोटं चिकटवून चालायचं, बाकीच्यांनी तिला विहिरीपासून हाकलायचं. हाकलताना सगळ्या एका सुरात म्हणत होत्या, "आम्ही तहानेचे, तुम्ही फेसाचे." माझे शब्द, बडबडे. मी वैतागून बोलले होते तेच. गावातली सगळी पोरं म्हणतात. मोठी माणसं मुलांना निजवताना सांगतात. विहिरीवरच्या शपथेतही ते आलंय, आणि मला पत्ताच नाही.

मी नातीला जवळ घेतलं. म्हटलं, "अगं राणी, ती माझी सख्खी बहीण. एका ताटात जेवायचो आम्ही. फेसबीस काही नाही, मी थट्टेनं म्हटलं होतं." ती माझ्याकडे बघत राहिली. मग माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "नाही आजी. तसं नसतं ते." आणि खेळायला पळाली.

संध्याकाळी थोरल्याला सांगितलं. तो जेवत होता. म्हणाला, "आई, लोकांना पाण्याला 'नाही' म्हणायचं म्हणजे काहीतरी कारण द्यावं लागतं. माझ्याकडे तेवढं एकच आहे. तेही तूच दिलंस." तो वाईट नाही गं. त्याच्या पानात भाजी तशीच राहिली होती.

ताई

आज, दुपारी

बडबडे,

तू पात्रापलीकडे बसली आहेस. इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा मला माहीत आहे, तू नेमकी कुठे आहेस. भट्टीच्या माळ्यावरून तुमच्या चुलींचा धूर दिसतो. तुझी नात म्हणते, तुझे डोळे गेले. तेव्हा हे ती तुला वाचून दाखवेल. तिला आपलं वाचन तू शिकवलंस म्हणे, मेणकापडात जपलेल्या माझ्या पहिल्या दोन पत्रांवरून. आई गेल्याचं पत्र तुला मिळालं आणि त्यानंतर एकही नाही, हेही तिनंच सांगितलं. मधली न पाठवलेली सगळी पत्रं याच्याबरोबर बांधून दिली आहेत. वाचू नकोस म्हणणार होते. वाच.

सकाळी ती एकटी होड्यांच्या गल्लीतून वर आली. पाठीला उंबरठा बांधलेला. तो एवढा जड आहे हे मी विसरले होते. पोरांनी ढेकळं मारली. एक तिच्या कानाला लागलं, ती थांबली नाही. बायकांनी दारं लावून घेतली. तिच्या बोटांमधली कातडी सगळ्यांनी पाहिली ना. माझ्या गोष्टीतलं माणूस उन्हातान्हात चालत आलं होतं, आणि मी सोडून कुणालाच त्याचं आश्चर्य वाटलं नाही.

ती तुटक बोलते, पण बोलताना हात तुझ्यासारखे हलवते. नदी पुन्हा उठली, या वेळी तुमच्या अंगावरून गेली, लव्हाळ्यांची घरं गेली, आणि मग ती जमिनीत शिरली, मागे जायला नदीच राहिली नाही, असं तिनं थोरल्याला सांगितलं. "आजीची माणसं इथली. विहिरीवर हक्क मागायला आलो आहोत." थोरल्यानं नियमाला धरून उत्तर दिलं. उंबरठा चौकटीत बसला तर तुम्ही घरचे, राहा. नाही बसला तर पाणी भरून घ्या आणि मावळायच्या आत निघा.

सगळं गाव माझ्या दारात जमलं. पहारीनं माझा दगड काढला. तिनं पाठीवरचा उंबरठा सोडला, झग्यानं पुसला. अगं, तू त्याला तेल लावत होतीस का गं? केवढा झळकत होता. दोघांनी तो उचलून चौकटीत ठेवला. खाचेत तो डुगडुगला, बाजूला कलंडला आणि जमिनीवर पडला. पुन्हा ठेवला, पुन्हा पडला. लोकांनी सुस्कारा सोडला. सुटल्याचा सुस्कारा होता तो, माझ्या कानांनी ऐकला. तुझी नात मात्र चौकटीला हात लावून उभी होती. घर चुकलं की काय, असं तिला वाटलं असणार.

मी ओरडले, "अरे, मी तासून घेतली चौकट! वीतभर तासली, या दगडासाठी!"

थोरला म्हणाला, "पाथरवट कुठे आहे?"

"मेला."

"मग साक्षीला कोण?"

"मी आहे की, ढळढळीत!"

"तू तिच्या आजीची बहीण म्हणवतेस. तुझी साक्ष कशी धरायची?"

"बहीण असेन तर तीही घरचीच झाली ना रे गाढवा!"

मागे कुणीतरी हसलं. थोरला हसला नाही. माझ्याजवळ येऊन हळू म्हणाला, "आई, याच ओट्यावर तूच आम्हाला सांगितलंस, ती आपली नाहीत. तेव्हा खोटं बोललीस की आता बोलतेस? लोक हेच विचारतील. मी काय सांगू?" सगळे पांगले. म्हातारीला बहिणीची माया आली, डोकं फिरलं, असं बोलत पांगले.

पोरीला मी मागच्या अंगणात नेलं, पाणी दिलं. तिनं प्यायला तोंड वर केलं आणि तिला कपड्यांची दोरी दिसली. तिनं भांडं खाली ठेवलं. ओली चादर बाजूला केली, दोरीवर बोटं ठेवली आणि हळूहळू चालवत नेली, एका गाठीवरून दुसरीवर. तिचे ओठ हलायला लागले. मला वाटलं, मोजतेय. मी म्हटलं, "काय बघतेस गं?" ती म्हणाली, "आजीचं आहे हे. वाचते."

बडबडे, मी तिथेच दगडावर बसले.

तिनं सगळी वाचली, माझे परकर बाजूला सारत सारत. "ताई, हसशील, पण इथे कागद टिकत नाही म्हणून आम्ही बोलणं दोरीत बांधतो. म्हातारा तुला वाचून दाखवील, त्याला मी शिकवलंय. घर पायाखाली हलतं. पहिले दिवस मी सारखी पडत होते, तू फटीत पडली असशील तशी. मुलगी झाली. बोटांमध्ये कातडी आहे, बदकासारखी. फार गोड आहे. उंबरठा बसवला नाही, छपराला टांगून ठेवलाय, कारण तो तुझ्या दाराचा आहे. तुला उठवलं नाही, कारण तू उठली असतीस तर माझा पाय निघाला नसता. आई गेल्याचं कळलं. तुझ्या एकटीवर पडलं सगळं. आता तुला अडवायला कुणी नाही. ये. इथे सगळ्यांची छपरं गळतात आणि कौलं थापणारं कुणी नाही."

शेवटी ती त्या मोकळ्या भागाशी आली. तिथे माझी काळी फडकी होती. तिनं विचारलं, "हे टोक आजीनं उत्तरासाठी सोडलंय. तुम्ही काही बांधलं नाहीत?"

इतकी वर्षं मी रोज हात वर करून त्या दोरीला हात लावलाय. तू रोज माझ्या हाताखाली बोलत होतीस, आणि मी तुझ्यावर ओली धुणी टाकत होते. मला रडू आवरलं नाही. पोरगी गोंधळली, मग माझ्याजवळ येऊन बसली आणि माझी लाल बोटं आपल्या कातडीनं जोडलेल्या बोटांनी धरली.

एक गोष्ट मी तुला कधी लिहिली नाही. तू गेलीस त्या सकाळी आई मला म्हणाली होती, "तूही जा. मला शेजारीण बघेल." मी ऐकलं नाही. आईसाठी राहिले असं तुला लिहिलं, ते अर्धंच खरं आहे. मला भीती वाटत होती. पाण्यावरचं घर, हलणारी जमीन, मला नको होतं ते. आणि मग मी न जाण्याचा सगळा राग तुझ्यावर काढला.

तुला घरात आणायचं आता माझ्या हातात राहिलेलं नाही. ते मीच भट्टीत घातलं. मी तुझ्याकडे येऊ शकते, तेवढंच उरलंय.

गाठोडं बांधलं. थोरला दारात आला. म्हणाला, "आई, पात्र ओलांडलंस तर तुला परत आत घेता येणार नाही. माझाच नियम आहे." मी म्हटलं, "माहीत आहे मला. लहानपणी पाढे असे पाळले असतेस तर?" त्याला हसू आलं, आणि मग त्याचा चेहरा पाहवेना. त्यानं फळीवरचा कौलांचा साचा काढला, आमच्या ह्यांचा, आणि माझ्या गाठोड्यात ठेवला. माझी नात लांब उभी होती. मी हाक मारली तर जवळ आली नाही.

उद्या ती तिच्या मैत्रिणींना सांगेल, फेसातली माणसं आली आणि आजीला घेऊन गेली. तिची मुलं त्यांच्या मुलांना सांगतील. सांगू देत बापडी, मीच शिकवलंय.

माझी चाल आता भारी हळू आहे. तुझी नात हे घेऊन पुढे धावतेय, मी मागून येतेय. दोरी सोडून तिच्याजवळ दिली आहे. मोकळ्या टोकावर काय बांधायचं ते तिला सांगितलं, तिनं माझ्या बोटांना धरून बांधून घेतलं. जागा थोडी होती, आणि माझ्या गाठी वाकड्या आल्यात. दोरी आधी हातात घे. हे नंतर वाचलं तरी चालेल.

ताई

दोरीच्या मोकळ्या टोकावर

बडबडे. तहान लागली. निघाले. ताई.